गळ्याचं माप

माझी बायको गेली हे मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या.

मी शिंपी आहे, तेव्हा त्यात नवल काही नाही. दुपारी एका वकिलाच्या कोटाची बाही टाचत होतो आणि दुकानातला फोन वाजला. फोन मुलीने घेतला. पलीकडे घाऊक बटणवाला होता. आमची ही त्याच्याकडे पांढरी बटणं आणायला गेली होती. मोजून घेता घेता खुर्चीवर बसली आणि बसल्या जागी कलंडली. तिला हॉस्पिटलात नेलंय, लगेच या. आम्ही वकिलाला एका बाहीत उभं ठेवून निघालो. टॅक्सीत मुलगी बोलत होती, मी बोलत नव्हतो. मी एरवीही फार बोलत नाही, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

हॉस्पिटलात एक नर्स बाहेर आली. घामाने तिची पाठ भिजली होती. "आम्ही अर्धा तास प्रयत्न केला," ती म्हणाली. "खरंच केला." मग तिने हिचा चष्मा, पर्स आणि बटणांची पुडी एकेक करून माझ्या हातात दिली आणि सही घेतली. पुडीत दोन डझन बटणं होती.

शेजारच्या बाकावर, खांद्यावर मनोरुग्णालयाचं नाव शिवलेल्या निळ्या युनिफॉर्ममधला एक माणूस बसला होता. दुसऱ्याच कुणा पेशंटला घेऊन आला होता, आमचा त्याचा काही संबंध नव्हता. तो उठून माझ्यासमोर आला आणि त्याने आपला तळहात माझ्या हनुवटीखाली धरला. नुसता धरून उभा राहिला. त्याला काय हवंय ते मला बऱ्याच वेळाने कळलं. मग मी एकेक करून टाचण्या त्याच्या हातावर काढल्या.

"झाल्या?" त्याने विचारलं.

"चार," मी म्हणालो.

बायको गेल्यावर मी बोललेला पहिला शब्द हा. वकील मात्र अजून सगळ्यांना सांगतो, शिंप्याने किती धीराने घेतलं बघा, तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

आमच्या मुलीला घरात सगळे बॉबिन म्हणतात. लहानपणी एका जागी टिकायची नाही, सारखी गरगर फिरायची, म्हणून. शाळा संपून वर्ष झालं होतं आणि ती अर्धा दिवस औषधांच्या दुकानात काम करत होती. पुढे काय, असं विचारलं की खांदे उडवायची. पण त्या दिवशी तिने दोन माणसं पाहिली. एक घामाने भिजलेली, एक हात पुढे धरून उभा. सहा महिन्यांनी तिने दोन फॉर्म आणले. एक नर्सिंगचा, तीन वर्षांचा. दुसरा सायकियाट्रिक टेक्निशियनचा, दोन वर्षांचा, मनोरुग्णालयात राहून शिकायचा. दोन्हींची शेवटची तारीख एकच, वीस. चुरगळू नयेत म्हणून तिने ते इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेल्या घोंगडीखाली सरकवले. ती रोज एकदा घोंगडी उचलायची, दोन्हींकडे बघायची आणि परत झाकायची.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला कळलं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्का तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची आठ मेट्रन. रिटायर झाल्या तरी वॉर्डाशिवाय त्यांना करमत नाही, म्हणून सध्या वॉर्ड म्हणजे आमचं घर.

"टेक्निशियन?" अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे फ्रीज बिघडला की यायचा तो टेक्निशियन."

"मावशी, हे वेगळं असतं. पेशंटबरोबर राहायचं. औषध घेतात का, झोपतात का, कुणी अचानक बोलायचं थांबलंय का, यावर लक्ष ठेवायचं."

"लक्ष ठेवायचं म्हणजे करायचं काय?"

"बऱ्याचदा नुसतं बसायचं."

"दोन वर्षं शिकून बसायचं! तुझे बाबा सहा महिने नुसते बसलेत, त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं का?"

मी शिवत होतो.

"हे बघ," अक्का म्हणाल्या, "आठला ताप बघितला, एकशे दोन. औषध दिलं. दहाला बघितला, शंभर. आपण काय केलं ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या त्या कामात थर्मामीटर लावणार कुठे? आणि तुझ्या आईच्या छातीवर अर्धा तास दाब देत होती ती कोण होती? नर्सच ना?"

"आणि बाबांच्या टाचण्या?"

"त्या मीही काढल्या असत्या."

"तू काढल्या असत्यास, मावशी," बॉबिन म्हणाली. "ओरडून."

अक्कांनी बीपीचं यंत्र काढून पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. वादात हरायला लागल्या की त्या असंच करतात.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. सव्वीस वर्षं आमची पद्धत एकच होती. मी माप घ्यायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. ही माझ्या डावीकडे वही घेऊन उभी राहायची आणि "लिहिलं" म्हणायची. "लिहिलं" ऐकू आलं की माझा टेप छातीवरून कमरेवर जायचा. ती गेल्यावरही मी डावीकडे बघूनच आकडा सांगत राहिलो. सांगायचो आणि थांबायचो. गिऱ्हाईक अवघडून उभं राहायचं. वकिलासारखा एखादा समजूतदार माणूस शेवटी स्वतःच "लिहिलं" म्हणायचा, पण लिहिलेलं कुठेच नसायचं. एका पहारेकऱ्याची पँट त्याच्या धाकट्या भावाला बसली. एका प्राध्यापकाला मी तीन बोटं जास्त उंच केलं. दोघांनीही तक्रार केली नाही. माणसं आपल्याशी चांगली वागायला लागली की समजावं, आपली अवस्था बाहेरून दिसायला लागली आहे.

बारा तारखेला मी इस्त्री करताना घोंगडी उचलली. मला तसा हक्क नव्हता, पण टेबल माझं आहे. दोन्ही फॉर्मच्या शेवटी एकच प्रश्न होता. हा अभ्यासक्रम का निवडला, दोन ओळींत लिहा. नर्सिंगच्या फॉर्मवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "आईमुळे." दुसऱ्यावर लिहिलं होतं, "बाबांमुळे."

इस्त्री तिथेच ठेवून मी उभा राहिलो आणि प्राध्यापकाच्या शर्टाची पाठ जाळली.

एकीकडे गेलेली आई, दुसरीकडे उरलेला बाप. पोरीचं स्वतःचं कुठेच काही नाही. त्यातही आईला आता नर्सची गरज नव्हती. मी मात्र जिवंत होतो आणि आणखी वीस वर्षं तरी मरायचा नव्हतो, आमच्याकडे पुरुष चिवट आहेत. बॉबिनने माझ्यासाठी ते शिक्षण घेतलं तर तिचा पहिला पेशंट मी, आणि मग शेवटचाही मीच. हे काही मला पटेना. मी ठरवलं, आजपासून आपण ठणठणीत बरे.

बरं होणं सोपं नसतं. मी सकाळी शिट्टी वाजवायला लागलो. जेवताना "आणखी एक पाव वाढ" म्हणायला लागलो. आणि मी नर्सिंगच्या बाजूने बोलायला लागलो. "तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत," मी म्हणायचो. "युनिफॉर्मही पांढरा, स्वच्छ. घड्याळाला वेगळा खिसा." अक्कांना आयता पाठीराखा मिळाला. "भावोजी, शेवटी तुम्हाला अक्कल आली," असं म्हणून त्यांनी बक्षीस म्हणून मला ताकदीच्या इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला. एकूण सात, दिवसाला एक. नर्सिंगची थोरवी पटवायला मी पाच घेतली. नंतर मशीनवर बसता येईना, म्हणून उभ्याने काजं करत राहिलो.

"बाबा, तुम्हाला काय झालंय?" बॉबिनने विचारलं.

"कुठे काय? मजेत आहे."

"म्हणूनच विचारतेय."

सतरा तारखेला मनोरुग्णालयातून निरोप आला. नव्या अकरा टेक्निशियनांचे युनिफॉर्म शिवायचे आहेत, मापं घ्यायला या. निरोप पाठवणारा तो टाचण्यांचा माणूस होता. तो तिथल्या वॉर्डाचा प्रमुख निघाला. बॉबिन म्हणाली मीही येते, जागा बघते. अक्का म्हणाल्या मीही येते, पोरीने तिथे कुठे सही करू नये म्हणून.

वॉर्ड म्हणजे एक लांब खोली होती. टेबलं जमिनीला स्क्रूने बसवलेली. खुर्च्या इतक्या जड की एका हाताने उचलता येऊ नयेत. खिडक्या चार बोटं उघडायच्या, त्यापुढे नाही. भिंतीवरच्या घड्याळाला जाळी. दहा-पंधरा माणसं बसली होती. कुणी चित्र रंगवत होतं, कुणी नुसतंच खिडकीकडे बघत होतं.

"कात्री?" प्रमुखाने विचारलं.

"घरी."

"टाचण्या?" त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घरी," मी म्हणालो. "टेप आणि खडू तेवढा आणलाय."

त्याने आम्हाला दाराशीच थांबवून युनिफॉर्म समजावून सांगितला. निळा, बाहेरून खिसे नकोत, कॉलर नको, गळा गोल आणि अंगासरसा. खांद्यावर टिचबटणं. कुणी ओढलं तर बटण सुटलं पाहिजे. कापड फाटायला नको आणि ओढणारा पडायलाही नको. सव्वीस वर्षांत मला कुणी कपड्याबद्दल इतकं नीट सांगितलं नव्हतं. अक्कासुद्धा "हं" म्हणाल्या.

मी मनाशी ठरवलं होतं, इथे मोठ्याने आकडा सांगायचा नाही. अशा ठिकाणी एकट्याने डावीकडे बघून बोललो तर मला ठेवूनच घेतील. पहिला पोरगा समोर उभा राहिला. मी छातीला टेप लावला. अडतीस. गप्प राहिलो. टेप तिथेच राहिला. कमरेकडे हात जाईचना. पोरगा श्वास रोखून उभा. शेवटी मी हळूच डावीकडे बघून म्हणालो, "छाती अडतीस."

"लिहिलं," डावीकडून आवाज आला.

एक वयस्क, किडकिडीत गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली. हातात जुन्या कॅलेंडरचं पान आणि जांभळा मेणाचा खडू. मला वाटलं, इथले कारकून. पेन संपलं असेल, सरकारी कामात व्हायचंच.

"पुढे," ते म्हणाले.

"कंबर तीस."

"लिहिलं."

"बाही बावीस."

"डावी की उजवी?"

"दोन्ही."

"दोन्ही मोजल्या?"

मोजल्या नव्हत्या. मोजली, तर डावी पावणेबावीस निघाली. "बघा," ते म्हणाले. असा माणूस मला दुकानात मिळाला असता तर प्राध्यापक उंच झाला नसता. माझा टेप सहा महिन्यांनी पहिल्यांदा सरळ चालायला लागला. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, गळा. कधी ते "लिहिलं" म्हणायचे, कधी नुसतं "पुढे." अकरा पोरं अर्ध्या तासात उरकली.

"झाले अकरा," मी म्हणालो.

"बारावा राहिला." त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला.

प्रमुख खुर्चीतून अर्धा उठला, बघितलं आणि परत बसला. त्या गृहस्थांनी टेप माझ्या छातीला लावला. शिंप्याचं माप कोण घेतं? ही घ्यायची, वर्षातून एकदा. मग त्यांनी टेप कमरेला लावला आणि माझ्यासारखंच डावीकडे बघितलं. तिथे आता बॉबिन उभी होती. त्यांनी तिला कागद आणि खडू दिला होता.

"कंबर बत्तीस."

"लिहिलं," बॉबिन म्हणाली. मग तिने वर बघितलं. "छत्तीस होती."

"बत्तीस?" अक्का मागून ओरडल्या. "रोज चार पाव खाणाऱ्या माणसाची?"

पाव मी दुकानामागच्या कुत्र्याला घालत होतो. कुत्र्याची कंबर कुणी मोजली नव्हती.

प्रमुखाने एक जड खुर्ची दोन हातांनी ओढून आणली. "बसा," तो म्हणाला. पाच इंजेक्शनं झालेली असूनही मी बसलो. तोही शेजारी बसला. अक्का बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने त्यांनाही खुर्ची दिली आणि त्या बसल्या, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. माझे गाल थोडे ओले झाले, ते मी टेपनेच पुसले. अक्का नंतर म्हणाल्या, तीस वर्षांत वॉर्डात त्या एवढा वेळ हात न हलवता कधी बसल्या नव्हत्या, त्यांचे गुडघे दुखले.

निघताना मी कागद तपासला. अक्षर मोत्यासारखं. छाती, कंबर, खांदा, दोन बाह्या, उंची. पण गळा नाही. अकरा माणसं आणि एकाचाही गळा नाही.

"अहो, तुमच्या कारकुनांनी—"

"कारकून नाहीत ते," प्रमुख हळू आवाजात म्हणाला. "तीन वर्षं आमच्याकडे आहेत. तो एक शब्द ते लिहीत नाहीत. आम्हीही त्यांच्यापुढे काढत नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं."

मी तो शब्द अकरा वेळा, चांगला खणखणीत, त्यांच्या कानाशी म्हणालो होतो. ते प्रत्येक वेळी "पुढे" म्हणाले होते.

"मग आता परत अकरा जणांना बोलवायचं का?" अक्कांनी विचारलं.

बॉबिनने डावा हात उलटा करून दाखवला. बाहीच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, माझ्याच खडूने अकरा आकडे लिहिलेले होते. पंधरा, साडेचौदा, सोळा, सगळे ओळीने.

"पहिल्यालाच लक्षात आलं," ती म्हणाली. "त्यांनी खडू कागदावरून उचलला आणि नुसतं 'पुढे' म्हणाले. मग मी मागे उभी राहून घेतले लिहून."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले असते. आणि तुम्ही 'काय, गळा?' असं आणखी एकदा मोठ्याने म्हणाला असता."

म्हणालो असतो.

प्रमुखाने ती बाही बराच वेळ बघितली. "फॉर्म भरलाय का कुठला?" त्याने विचारलं.

"दोन," अक्का म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

घरी आल्यावर मी बॉबिनला समोर बसवलं. मला भाषण येत नाही. म्हणालो, "माझ्यासाठी ते शिकू नकोस. मी फॉर्म वाचलेत."

"माहितीय. घोंगडी उलटी घातली होतीत. आणि बाबा, तुमची शिट्टी सुरात नसते. आणि तो कुत्रा आता दुकानात येऊन गिऱ्हाइकासारखा बसतो."

"मग?"

"मग काय? 'बाबांमुळे' असं लिहिलं होतं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तुम्हाला सांभाळायला मावशी आहे. तिला कुणीतरी लागतंच. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, मला सोडा." ती बाहीवरचे आकडे कागदावर उतरवत होती. "आई गेली त्या दिवशी मला सारखं वाटत होतं, काहीतरी करायला हवं आणि मला काहीच येत नाही. आज तसं वाटलं नाही. आज मला काय करायचं नाही ते कळत होतं."

अक्का दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं आता बीपीचं यंत्र निघतंय.

"मी असते," अक्का म्हणाल्या, "तर त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला असता. सगळं नीट लिहून काढलं असतं. आणि त्या बिचाऱ्याला काय झालं ते मला कळलंही नसतं." त्या आत आल्या. "तिथे बीपी बघायला शिकवतात ना?"

"शिकवतात, मावशी."

"आणि इंजेक्शन?"

"तेही."

"मग ठीक आहे. भावोजी, तुमची दोन राहिलीत, इकडे या."

एकोणीस तारखेला बॉबिनने पेन्सिल खोडली आणि पेनाने लिहिलं, "मला गप्प राहून बघता येतं. बाकीचं शिकायचं आहे." त्याच दिवशी तिने फॉर्म देऊन टाकला. नर्सिंगचा फॉर्म अक्का घेऊन गेल्या. कशाला, ते विचारलं नाही.

अकरा युनिफॉर्म शिवून पोचते झाले. मापं आता अक्का लिहितात. माझ्या डावीकडे उभ्या राहतात आणि मी आकडा सांगायच्या आधीच "लिहिलं" म्हणतात, त्यामुळे मला भराभर मोजावं लागतं. कमरेचं म्हणाल तर तेहतीस झाली आहे. कुत्रा बारीक झालाय.

बारावा युनिफॉर्म बॉबिनचा. तिचं शिक्षण एक तारखेला सुरू होतंय. पोरीचं माप मी कधी घेतलं नाही, ते काम हिचं. म्हणून हिची वही काढली. शेवटून दुसऱ्या पानावर बॉबिनचं माप हिच्या हातचं होतं, गेल्या वर्षीचं. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची सगळं लिहिलेलं. त्याच मापाने कापड बेतलं, दोन बोटं सैल ठेवली आणि शिवत आणलं. खांद्याला टिचबटणं लावली. पांढरी बटणं त्यावर चालत नाहीत, ती दोन डझन तशीच डब्यात आहेत. वहीत गळ्यापुढे जागा कोरी आहे. पोरगी नेहमीसारखी मधूनच पळाली असणार आणि ही म्हणाली असणार, राहू दे, नंतर घेऊ.

बाकी सगळं शिवून झालं आहे. बॉबिनच्या गळ्याचं माप अजून घ्यायचं राहिलं आहे.